दोन कारखाने आणि एक देव्हारा

आमच्या भोपाळच्या घरातील देव्हाऱ्यात कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेची एक जुनी तसबीर आहे. १९५७ साली गिरगावातील चाळीतून ती आगगाडीने, आमच्या आजीच्या मांडीवर बसून, भोपाळास आली. प्रवासात तिच्या काचेचा एक कोपरा तडकला. तो आजीने कधी बदलू दिला नाही. ह्याच तसबिरीसमोर रोज रात्री पाने मांडली जात, आणि त्या पानांवर बसून आमचे वडील व धाकटे काका ह्यांनी जगातील दोन महासत्तांचे भांडण वर्षानुवर्षे आपसांत भांडले. ग्रंथांतून ज्यास शीतयुद्ध म्हणतात, त्याची आमची पहिली ओळख वरणभाताच्या पानावर झाली.

दोघे बंधू सख्खे, दोघेही इंजिनिअर, आणि दोघांचीही नोकरी त्या काळच्या नव्या मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे राज्य जन्मास आले आणि नबाबांचे जुने संस्थान असलेले भोपाळ त्याची राजधानी झाले. त्याच वर्षी येथे हेवी इलेक्ट्रिकल्स ह्या सरकारी कंपनीची स्थापना झाली. वीजनिर्मितीची अवजड यंत्रे देशातच घडवावीत हा तिचा उद्देश होता, आणि त्यासाठी तंत्रज्ञान देण्याचा करार असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज ह्या ब्रिटिश कंपनीशी झाला होता. वडील तिच्यात लागले, वर्षभर मँचेस्टरास शिकून आले, आणि पिपलानीच्या वसाहतीत आमचे बिऱ्हाड थाटले गेले. काका मात्र भिलाईस गेले. तेथला पोलादाचा कारखाना सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभा राहत होता; त्याचा करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला होता आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. काकाही काही महिने रशियात राहून आले.

असे एका आईचे दोन मुलगे दोन जगांच्या शाळेत शिकले. त्यात त्यांची हौस कमी आणि काळाचा ओघ अधिक होता. दुसरे महायुद्ध संपले त्या वेळी अमेरिका आणि रशिया ही दोन राष्ट्रे एका बाजूची होती. दोनचार वर्षांतच ती एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. दोघांपाशी अणुबाँब झाल्यावर समोरासमोर लढणे म्हणजे दोघांचाही अंत, हे दोघांसही उमगले. मग चढाओढ दुसऱ्या वाटांनी चालू झाली, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना कोण काय बांधून देतो ही त्यांतली एक मोठी वाट होती. दहा दहा लक्ष टनांचे तीन पोलाद कारखाने आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी उभे राहिले : भिलाईचा रशियाच्या मदतीने, राउरकेल्याचा पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूरचा ब्रिटनच्या. पवईच्या तंत्रशिक्षण संस्थेस रशियाने हात दिला, तर कानपूरच्या संस्थेस अमेरिकेने. भोपाळात इंग्रजी पद्धतीने ट्रान्सफॉर्मर होऊ लागले आणि हरिद्वारास पुढे रशियन पद्धतीने टर्बाइन. लग्नघरी व्याह्यांच्या दोन बाजूंनी अहेरात चढाओढ करावी, तसा तो प्रकार होता. अहेर घेणाऱ्याने मात्र जाणून असावे, की प्रत्येक अहेराची नोंद देणाऱ्याच्या वहीत होत असते.

आम्हां मुलांना ह्यातील काही कळत नसे. आम्हांस कळत होते ते एवढेच, की काका आमच्यासाठी ‘सोव्हिएत देश’ ह्या सचित्र नियतकालिकाची मराठी आवृत्ती सुरू करून देत आणि वडील ‘स्पॅन’ हे अमेरिकन मासिक घेत. दोहोंचा कागद गुळगुळीत आणि दणकट. शाळा सुरू झाली की आमच्या गणिताच्या वहीस कझाकस्तानातील गव्हाचे शेत आणि भूगोलाच्या पुस्तकास कॅलिफोर्नियातील संत्र्यांची बाग ह्यांची वेष्टणे चढत. दोन्ही चित्रांतली माणसे सारखीच हसरी असत. आजी चष्मा लावून दोन्ही न्याहाळी आणि म्हणे, “हांगा सगळे हांसतात, मागीर झगडें कोणाचें?”

भांडण होते ते आमच्या घरी. चतुर्थीस आणि दिवाळीस काका इटारसीमार्गे येत आणि पहिल्याच रात्री तोंड फुटे. १९५६ साली हंगेरीत रशियन रणगाडे शिरले, तेव्हा आपल्या देशाने मोकळेपणाने निषेध केला नाही, हा वडिलांचा ठरलेला घाव. त्याच दिवसांत सुएझवर बाँब टाकणारे कोण होते, हा काकांचा तितकाच ठरलेला उलट घाव. वडील म्हणत, जेथे सरकारवर टीका करणारे वर्तमानपत्र निघत नाही त्या देशाचे पोलाद कितीही चांगले असो, त्याच्याकडून शिकण्याजोगे फार नाही. काका म्हणत, ज्यांनी दोनशे वर्षे आपल्याला साधा कारखाना काढू दिला नाही त्यांच्याकडून आता शिकायचे तरी काय? खरे सांगायचे तर दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे बोलणारी माणसे एकमेकांस ऐकत नाहीत.

तिसरा वाद गव्हाचा. अमेरिकेच्या ज्या कायद्याखाली हे धान्य येई त्याचे नाव त्या काळी वर्तमानपत्रांत ‘पी. एल. ४८०’ असे येई. १९५६ साली त्याचा पहिला करार झाला. १९६० च्या मे महिन्यात आपल्या कोकणच्या स. का. पाटलांनी, अन्नमंत्री ह्या नात्याने, वॉशिंग्टनात आणखी मोठ्या करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लक्ष टन गहू मिळावयाचा होता. त्याची किंमत रुपयांत द्यावयाची असल्याने देशाचे परकी चलन वाचत होते. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या त्या तांबूस गव्हाच्या पोळ्या वातड होत. आज जो मुलूख शरबती गव्हासाठी नावाजला जातो तो सिहोरचा भाग आमच्यापासून अगदी जवळ. त्यामुळे आमची आई कुरकुरे. आजी मात्र म्हणे की भुकेल्या घरी आलेल्या धान्यास नावे ठेवू नयेत. गाजरगवत हे ह्याच गव्हाबरोबर आले अशीही एक लोकसमजूत पुढे पसरली. काकांना ती फार प्रिय होती. काही उगवले की ते बोट दाखवीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले तिच्याकडे वळतो.

आम्ही कवळ्याचे कुळावी. आमचे पूर्वज गोव्याबाहेर पडून पिढ्या लोटल्या होत्या, तरी घरात कोकणी आणि मराठी जोडीने नांदत, आणि कुलदेवीचे बोलावणे चुकत नसे. आजी दोनतीन वर्षांनी एकदा कवळ्यास जाऊन येई. १९५५ च्या ऑगस्टात गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसांहून अधिक माणसे पडली. त्यानंतर भारत सरकारने संबंध तोडले, आगगाडी थांबली, सीमा बंद झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आमच्या थोरल्या बहिणीस विषमज्वर झाला होता. आजीने देवीस ओटी बोलली होती. पोर बरी झाली, ओटी राहिली. पुढली सहा वर्षे देव्हाऱ्यासमोर बसताना आजी प्रथम त्या राहिलेल्या ओटीची क्षमा मागे आणि मग जपमाळ हाती घेई.

हा प्रश्न वस्तुतः आमच्या घरचा. पण त्याची किल्ली महासत्तांच्या हाती गेली होती. पोर्तुगाल हा अमेरिकेच्या नेतृत्वाखालील नाटो कराराचा पहिल्यापासूनचा सभासद. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस ह्यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्याबरोबर जे संयुक्त पत्रक काढले, त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत ह्या अर्थी आला. नेमके त्याच सुमारास बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते, आणि त्यांनी गोव्याच्या बाबतीत भारताची बाजू उघडपणे उचलून धरली. आमच्या घरी ह्याचा परिणाम असा झाला, की ज्या आजीला मार्क्स कोण हे ठाऊक नव्हते तिला रशियन पुढाऱ्यांविषयी माया वाटू लागली आणि वडील काहीसे एकटे पडले.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. पिपलानीच्या त्या दोन खोल्यांत शेजारपाजारची मराठी मंडळी रेडिओभोवती जमली होती. तिकडे न्यूयॉर्कला सुरक्षा समितीपुढे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान ह्यांनी ठराव आणला, की लढाई थांबवावी आणि भारताने सैन्य मागे घ्यावे. ठरावाच्या बाजूने सात मते पडली. विरुद्ध चार : लंका, लायबेरिया, संयुक्त अरब गणराज्य आणि रशिया. रशियाचे मत हा नकाराधिकार असल्याने ठराव पडला. १९ तारखेस पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. सुमारे साडेचारशे वर्षांची राजवट दोन दिवसांत संपली. भिलाईहून काकांची तार आली : “दार उघडले. आईला सांग.” आजी तसबिरीसमोर किती वेळ बसून होती ते आम्हांस आज सांगता येणार नाही, दिवे लागले तरी ती उठली नव्हती एवढे आठवते.

वडील आनंदले होते. पण त्यांच्या आनंदात एक काटा होता. दुसऱ्या दिवशी त्यांना कारखान्यात जावयाचे होते, आणि तेथे वाइंडिंगच्या खात्यात त्यांना हाताला धरून शिकविणारा एक वयस्क इंग्रज होता. त्याच्या देशाने आमच्या विरुद्ध मत दिले होते. वडील ठरवून गेले होते की आज विषय काढावयाचा नाही, आणि त्याने काढलाच तर स्पष्ट बोलावयाचे. त्या गृहस्थाने दुपारपर्यंत एक अक्षर काढले नाही. मग हात पुसता पुसता त्याने विचारले, “आता तुमच्या आईला तिच्या देवळात जाता येईल ना?” वडील ‘हो’ म्हणाले. तो म्हणाला, “मग बरे झाले,” आणि पुन्हा कामास लागला. वडिलांनी ही गोष्ट त्या दिवशी कोणास सांगितली नाही. काका जिंकलेल्या मुद्रेने येतील तेव्हा सांगावी असा त्यांचा बेत असावा. पण ते झाले नाही, कारण पुढचे वर्ष निराळेच निघाले.

१९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबातील रशियन क्षेपणास्त्रांवरून दोन्ही महासत्ता युद्धाच्या कड्यावर उभ्या राहिल्या, आणि त्याच आठवड्यात, २० तारखेस, चीनने हिमालयात हल्ला चढविला. वर्षापूर्वी आपल्या बाजूने उभा राहिलेला रशिया त्या नाजूक क्षणी गप्प झाला; एवढेच नव्हे, ‘प्रावदा’ने चीनच्या बाजूस झुकणारा अग्रलेख लिहिला. रशियाच्या लेखी चीन हा भाऊ आणि भारत हा मित्र, असे त्या दिवसांत सर्वत्र बोलले जाई. आणि ज्यांनी गोव्याबद्दल आपणांस धारेवर धरले होते त्या अमेरिकेची व ब्रिटनची शस्त्रास्त्रे घेऊन विमाने उतरू लागली. आमच्या आईने हातातल्या बांगड्या राष्ट्रीय संरक्षण निधीस दिल्या. वडिलांनी त्या रात्री काकांना पत्र लिहिले. त्यात एक वाक्य असे होते : “भाऊ कोण आणि मित्र कोण, हे तुझ्या रशियाने तुला शिकविले असेलच, मला आता तुझे उत्तर नको.”

उत्तर आलेच नाही. त्या दिवाळीस काका आले नाहीत. त्यांच्याकडे काय चालले होते ते आम्हांस फार पुढे कळले. त्यांच्या भट्टीवरचा रशियन दुभाषी दोन दिवस नजर चुकवीत होता, आणि काका स्वतः रात्रपाळी मागून घेत होते, म्हणजे कोणाशी बोलावयास नको. ज्याच्यावर आपण विश्वास टाकला त्याने अडचणीत हात आखडावा, हे दुःख त्यांना एकट्याने गिळावे लागले. आणि त्यावर सख्ख्या भावाने मीठ चोळले होते.

हे आजीच्या ध्यानी आले. ती काही बोलली नाही. तिने आमच्याकडून काकांना एक पोस्टकार्ड लिहवून घेतले, की माघातल्या जत्रेस कवळ्यास जावयाचे आहे, ओटी राहिली आहे, आणि दोन्ही मुलगे बरोबर असल्यावाचून ती पाऊल उचलणार नाही. १९६३ च्या माघात आम्ही निघालो. बेळगावपर्यंत आगगाडी आणि पुढे घाटातून मोटार. काका पुण्यास येऊन मिळाले. दोघे भाऊ समोरासमोरच्या बाकांवर बसले आणि बेळगावपर्यंत खिडकीबाहेरच्या पिकांपलीकडे त्यांच्यात बोलण्यास विषय नव्हता.

कवळ्याची तळी, दीपस्तंभ, अग्रशाळेतली गर्दी, हे आम्ही प्रथमच पाहत होतो. आजी मात्र कालच येथून गेल्यासारखी वावरत होती. ओटीसाठी तिने भोपाळहून सिहोरकडचे गहू पुरचुंडीत बांधून आणले होते. आईने सहज विचारले होते, की डब्यात गहू आहेत ना? तेव्हा आजी म्हणाली होती, की ते परक्याने दिलेले. पोट भरावे, पण देवीपुढे आपल्या मातीतलेच ठेवावे. ओटी भरून झाली. मग अग्रशाळेच्या ओसरीवर तिने दोन्ही मुलांना जवळ बसविले आणि प्रत्येक कुळाव्यास ठाऊक असलेली तीच कथा सांगितली : विष्णू आणि शिव ह्यांच्यात युद्ध जुंपले, सृष्टीचा अंत होऊ लागला, तेव्हा देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली, एका हाती एकास आणि दुसऱ्या हाती दुसऱ्यास धरून तिने दोघांना शांत केले, म्हणून ती शांतादुर्गा.

“तिणें कोणाची बाजू घेतली?” आजीने विचारले. दोघे गप्प. मग ती म्हणाली, “कोणाचेंय घेयात, पूण कोणाचेच जावं नाकात.” कोणाचेही घ्या, पण कोणाचेच होऊ नका.

त्या रात्री वडिलांनी काकांना त्या इंग्रजाची गोष्ट सांगितली, आणि काकांनी त्या दुभाष्याची. आम्ही शेजारी झोपेचे सोंग घेऊन ऐकत होतो. पत्राची क्षमा वडिलांनी मागितली की नाही, हे आमच्या कानी आले नाही. परतीच्या प्रवासात मात्र दोघे एका बाकावर होते.

ह्यानंतर त्यांचे वाद संपले असे नाही. बोकारोच्या कारखान्याबाबत अमेरिकेने टाळाटाळ केली आणि तो रशियाकडे गेला, तेव्हा काकांची जीभ सैल सुटली. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजे महिन्यामहिन्याच्या हिशोबाने सोडू लागले, तेव्हा वडिलांनीच प्रथम म्हटले की उसन्या भाकरीला दोर असतो. १९७१ साली अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले आणि रशियाने सुरक्षा समितीत पुन्हा आपली पाठराखण केली. पण ह्या साऱ्यात आता विष नव्हते. आपापल्या वहीतील जमाखर्च ते एकमेकांस दाखवीत आणि चहा घेत.

त्यांची शेवटची मोजणी आमच्या भोपाळातच झाली. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री जुन्या शहराच्या उत्तरेस, एका अमेरिकन कंपनीच्या अंकित असलेल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. आमची वसाहत वाऱ्याच्या वाटेबाहेर राहिली. शहरातील डॉक्टर विचारीत होते की लोक कशाने मरत आहेत, आणि त्यांना नीट उत्तर मिळत नव्हते. दीड वर्षाने, १९८६ च्या एप्रिलात, सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात गावातील लोकांना दीड दिवस कोणी घराबाहेर काढले नाही. वर्तमानपत्र हातात घेऊन काका बराच वेळ बसले होते. मग वडिलांना म्हणाले, “दादा, तुझ्यांनीही सांगितले नाही, माझ्यांनीही सांगितले नाही.” वडिलांनी मान हलविली. त्यानंतर दोघांनी कोणत्याही महासत्तेस ‘माझे’ म्हटलेले आम्ही ऐकले नाही. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही, तेव्हाही वडील विजयी मुद्रेने बोलले नाहीत. त्यांनी काकांना पत्र लिहून प्रकृतीची चौकशी केली.

वाचकहो, दोघेही आज ह्या जगात नाहीत. त्यांचे कारखाने आहेत. वडिलांचा कारखाना १९७४ साली ‘भेल’ ह्या मोठ्या कंपनीत विलीन झाला. काकांचे भिलाई २००० सालापासून छत्तीसगडात आहे. दोन्हींमध्ये घडलेल्या वस्तूंवर आता कोणत्याही परकी गुरूची खूण शोधावी लागते. हे ऋण आम्ही नाकारीत नाही. ज्याने हातात अवजार दिले आणि ते चालविण्यास शिकविले त्याचे उपकार मानलेच पाहिजेत. मात्र ते उपकार त्या वयस्क इंग्रजाचे, भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या रशियन कामगाराचे, अमेरिकेतील कोण्या शेतकऱ्याचे आहेत. सत्तेने दिले ते तिच्या हिशोबाने दिले, आणि हिशोब बदलला तेव्हा हात आखडला. त्यात तिचा रागही धरू नये. चूक झाली ती आमच्या घरच्यांसारख्यांची, ज्यांनी उपकार मानता मानता आरतीचे तबक हाती घेतले. आरती देवाची करावी. सत्तेशी व्यवहार करावा, आणि तो मान ताठ ठेवून करावा.

आजही जगात मोठ्यांच्या नव्या जोड्या जुळत आहेत, जुन्या मोडत आहेत. आमची नातवंडे चतुर्थीस जमतात तेव्हा हातातल्या मोबाइलवरून कोणी ह्याची, कोणी त्याची बाजू घेऊन तावातावाने भांडतात. आम्ही त्यांना अडवीत नाही. भांडणाने घर जिवंत राहते. फक्त पाने मांडण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाला देव्हाऱ्यातली तसबीर पुसावयास सांगतो. काचेचा तो तडकलेला कोपरा कसा झाला असे ते पोर विचारते, आणि मग आम्हांस आजीची गोष्ट सांगावयाची संधी मिळते.